बरे झाल्याची तारीख

शेवटची केमो होऊन वर्ष झाले, तपासणीत सगळे ठीक निघाले, म्हणून मुलांनी आईसाठी घाटातल्या रेल्वेप्रवासाची तिकिटे काढायचे मनावर घेतले, की घरातले कुणीतरी वडीलधारे माणूस हमखास मध्ये पडते. ‘‘एवढी घाई कशाला? पाच वर्षं तरी जाऊ देत. मग काय ते साजरं करा.’’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, काळजीच असते. दृष्ट लागेल, बोललेले बाधेल, अशी धास्ती त्यामागे असते. पण तेवढ्या एका वाक्याने तिकिटे राहतात आणि आई स्वतःच ‘‘खरंच, उगाच खर्च कशाला’’ म्हणून विषय मिटवते.

हे वाक्य खुपते. एका माणसाचा आनंद ते चार वर्षे पुढे ढकलते, आणि तेही अर्धवट माहितीच्या जोरावर.

पाच वर्षांचा आकडा कुठून आला, याचा अंदाज बहुतेकांना असतो. निदानानंतर पाच वर्षांनी किती रुग्ण हयात आहेत हे मोजायची पद्धत कर्करोगाच्या आकडेवारीत रूढ झाली. दोन देशांची, दोन उपचारांची तुलना करायची तर कुठेतरी सामाईक मुदत लागतेच. ती मोजणाऱ्यांच्या सोयीची मुदत होती आणि त्या कामाला ती अजूनही उपयोगी आहे. आजार मात्र तिच्या हिशेबाने वागत नाही. वृषणाचा कर्करोग उलटायचा असला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो. तिथे पाच वर्षे वाट बघणे म्हणजे विनाकारण वाट बघणे. उलट, हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात पाच वर्षे पुरत नाहीत. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१७ साली ६२,९२३ स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्या जणी पाच वर्षे हार्मोनविरोधी औषधे घेऊन त्या मुदतीअखेर निरोगी राहिलेल्या होत्या. पुढच्या पंधरा वर्षांतही आजार परतण्याचे प्रमाण जवळपास त्याच संथ गतीने चालू राहिल्याचे त्यात दिसले. आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासारख्या आजारात तर ‘उपचार संपले’ असा दिवसच बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. २००१ साली इमॅटिनिब ही गोळी आली आणि हा जीवघेणा रक्ताचा कर्करोग मधुमेहासारखा सांभाळता येऊ लागला. पण गोळी रोज, वर्षानुवर्षे घ्यायची. अशा माणसाने बरे झाल्याची तारीख कोणती धरायची?

पहिल्या वर्षीच गाडीत बसावे, असे म्हणायला एवढे पुरे आहे. पण मग प्रश्न येतो, गाडीतच का?

एक कारण शरीराचे आहे. मोटारीने जायचे तर कुणाला तरी ती चालवावी लागते, आणि आजारपणात सगळी धावपळ केलेला मुलगा किंवा नवराच पुन्हा स्टिअरिंगवर बसतो. डोंगर बाकीच्यांनी बघायचा, त्याने समोरचा ट्रक. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन अशा औषधांनी पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात; एका जागी फार वेळ बसवत नाही. आगगाडीत उठून चार पावले टाकता येतात, शौचालय डब्यातच असते. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या तो हात सुजू शकतो, म्हणून त्या हाताने बॅग उचलायची नाही; ती फलाटावर कुणीही उचलून देते. व्हिस्टाडोमच्या डब्यात तर ४४च आसने, तीही १८० अंशांत फिरणारी, आणि वर काचेचे छत. मुंबई–मडगाव जनशताब्दीला काचेच्या छताचा डबा २०१७ साली लागला, मुंबई–पुणे डेक्कन एक्स्प्रेसला जून २०२१ मध्ये. ज्याला मान वळवायला त्रास होतो त्यालाही तिथे नुसते वर बघून घाट दिसतो.

दुसरे कारण जास्त वजनाचे आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचा याच रुळांवरून आजारपणात प्रवास झालेला असतो. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेव्हापासून कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली माणसे फाइल पिशवीत घालून मुंबईला येत आली आहेत. कुणी महालक्ष्मी एक्स्प्रेसने येतो, कुणी कोकणकन्येने. या गाड्या रात्रीच्या. बोरघाट किंवा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा कधी गेला हे कळतही नाही, कारण बाहेर अंधार असतो आणि आत उद्याचा स्कॅन असतो. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम, ओपीडीची रांग, आणि पुन्हा रात्रीची गाडी. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळ पानवल नदीचा ६४ मीटर उंचीचा पूल आहे. ज्यांनी तो वर्षभरात अनेकदा ओलांडला त्यांच्यापैकी कित्येकांनी तो पाहिलेलाच नाही.

या प्रवासांना रेल्वेने हातही दिलेला आहे. उपचारासाठी किंवा ठरलेल्या तपासणीसाठी निघालेल्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडे पूर्ण माफ असते, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाच्या सहीशिक्क्याचा फॉर्म लागतो. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत थांबली, पण ही राहिली, आणि ती राहिली हे फार चांगले झाले. तिच्यामुळे हजारो माणसांचे उपचार अर्धवट सुटत नाहीत. फक्त या सवलतीचा प्रवास नेहमी कामाचाच असतो, घरापासून रुग्णालयापर्यंत आणि परत. वर्षभर असे ये-जा केलेल्या माणसाने एकदा पूर्ण भाडे भरून, दिवसाउजेडी, कुठल्याही खिडकीवर कागद न दाखवता त्याच मार्गाने जावे यात मोठे समाधान आहे. त्या मार्गावर आजारपणाचा जो हक्क बसलेला असतो, तो अशाने थोडा सैल होतो.

इथपर्यंत साजरे करण्याची बाजू सोपी आहे. ती अवघड केली बार्बरा एरनराइक यांनी.

एरनराइक या अमेरिकन लेखिका. शिक्षणाने पेशीय प्रतिकारशास्त्रातल्या पीएचडी. २००० साली त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळले. त्यानंतर २००१ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात त्यांनी एक दीर्घ लेख लिहिला आणि २००९ मध्ये ‘ब्राइट-सायडेड’ हे पुस्तक. आजार झाल्या दिवसापासून आजूबाजूचे सगळे जण आपल्याला आनंदी राहायला सांगत आहेत, याचा त्यांना संताप आला होता. गुलाबी फिती, टेडी बेअर, धावण्याच्या शर्यती, कर्करोगाने आयुष्य सुंदर केले असे सांगणाऱ्या कहाण्या, या सगळ्यांवर त्यांनी तीन आक्षेप घेतले. सकारात्मक राहिल्याने कर्करोग्याचे आयुष्य वाढते याला पुरावा नाही. आनंदाच्या या गजरात आजार कशामुळे होतो, उपचार इतके क्रूर का, हे प्रश्न बुडून जातात. आणि तिसरा आक्षेप सगळ्यांत टोकदार: जगलेल्यांना ‘विजेते’ म्हटले की मेलेले आपोआप हरलेले ठरतात.

पहिले दोन आक्षेप बिनतक्रार मान्य करावेत असेच आहेत. आपल्याकडे तर दुसरा अधिकच लागू आहे. भारतात पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग इतका दिसतो तो तंबाखू, गुटखा आणि सुपारीमुळे, आणि बऱ्या झालेल्या एका माणसाच्या सत्काराने टपरीवरची पुडी बंद होत नाही. मात्र एरनराइक यांनी पाहिला तो आनंद सार्वजनिक होता, मंचावरचा, कंपन्यांच्या पैशाने उभा राहिलेला. आई, बाबा आणि मुलगी डेक्कन एक्स्प्रेसमध्ये बसून खंडाळ्याला निघतात, तेव्हा त्यांच्याकडे कुणी हसण्याची मागणी केलेली नसते. गाडीत रडूही येते. कर्जतला वडा खिडकीशी येतो, आणि जबड्याची शस्त्रक्रिया नि रेडिएशन झालेल्या बाबांचे तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, तिखट झोंबते, लाळ सुटत नाही. ते आतली भाजी चमच्याने, पाण्याच्या घोटाबरोबर खातात. शरीर पूर्वीसारखे झालेले नाही हे तिथे सगळ्यांना दिसते. त्या डब्यात खोटेपणाला जागाच नाही. सक्तीचे हसू आणि आपखुशीचा प्रवास एकाच मापाने मोजणे ही एरनराइक यांची चूक आहे, आणि त्यांच्यासारख्या बारकाईने बघणाऱ्या लेखिकेकडून ती व्हायला नको होती.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र इतक्या सहज उत्तर देता येत नाही. केमोच्या डे-केअरमध्ये दर तीन आठवड्यांनी शेजारच्या खुर्चीत बसणारी बाई असते. तिच्याशी डब्यातल्या भाजीपासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळे बोलून झालेले असते. एके दिवशी तिचे गुड मॉर्निंगचे मेसेज येणे थांबते. आपल्या वर्षपूर्तीच्या प्रवासाचा फोटो कुठेही टाकताना तिच्या घरच्यांचा विचार मनात आला नाही, असे होत नाही. जगलो यात आपले कर्तृत्व किती होते? गाठ लवकर सापडली, ती औषधाला दबली, पैसे जमले, रुग्णालय गाडीच्या टप्प्यात होते. हे सगळे ज्यांच्या बाबतीत जुळले नाही त्यांनी आपल्याहून कमी धीर दाखवला होता, असे कोण म्हणेल?

ज्या घाटाकडे हा प्रवास निघालेला असतो, त्याच्याकडे या प्रश्नाच्या अंगाने बघण्यासारखे आहे. घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची कथा खोपोली-खंडाळ्याच्या वाटेने गेलेल्या प्रत्येकाने ऐकलेली आहे. त्यामानाने रेल्वेच्या घाटाची हकिगत कमी सांगितली जाते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ मध्ये बोरघाटाचे काम सुरू केले आणि १८६३ मध्ये तो खुला झाला. चढ ३७ फुटांना एक फूट. साधारण पंचवीस किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरच्या वर चढायचे, पंचवीस बोगदे, अनेक पूल, आणि सगळे सुरुंगाची दारू, पहार, घमेले यांच्या बळावर. कामाच्या भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर डोंगरात होते. पटकीची साथ आली, हिवताप होताच, दरडी कोसळत होत्या. हजारो माणसे मेली. १८५९ मध्ये आधीच्या कंत्राटदाराने काम सोडल्यावर सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून मेला. त्याची बायको अॅलिस मायदेशी परतली नाही. तिने कंत्राट आपल्या नावावर चालू ठेवले, दोन अनुभवी अभियंते हाताशी धरले आणि घाट पुरा करून घेतला. तिचे नाव निदान रेल्वेच्या इतिहासात राहिले. तिच्या हाताखाली मेलेल्या मजुरांपैकी बहुतेकांचे नाव कुणी लिहूनही ठेवले नाही. पटकीत शरीरातले पाणी आणि क्षार निघून जातात आणि माणूस मरतो. ते परत भरले तर बहुतेक रोगी वाचतात. आज कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाइन आणि ओआरएस मिळते. पलसदरी ते मंकी हिल या पट्ट्यात मेलेल्या माणसांना आणि आज काचेच्या छताखाली बसून तिथून जाणाऱ्या माणसाला वेगळे करणारी गोष्ट मुख्यतः ही आहे, की कोण कोणत्या साली आजारी पडला.

एवढे कळल्यावर घाट बघायचा नाही, असे कुणी ठरवत नाही. पण विजयाची भाषा तिथे तोंडात उरत नाही. मग साजरे करायचे ते नेमके काय?

आजारातून उठलेल्या माणसाने कृतज्ञता कशी दाखवावी, याच्या दोन रीती महाराष्ट्राला पाठ आहेत, आणि त्या एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. एक नवसाची. जेजुरी असो, तुळजापूर असो, की वांद्र्याची माउंट मेरी, व्यवहार तोच: आधी मागणे, मग गुण, मग फेड. गुण आल्याशिवाय फेड नाही आणि फेडल्यावर प्रकरण मिटले. दुसरी रीत वारीची. वारकरी पंढरपूरला मागण्यासाठी जात नाही, अशी निदान त्या संप्रदायाची शिकवण आहे. आणि वारी मिटत नाही. यंदा केली म्हणून पुढच्या वर्षाची सुटका नसते. पीक बुडाले तरी जायचे, घरात गमी झाली तरी पुढच्या आषाढीला जायचे. २०२० मध्ये कोविडमुळे लाखो माणसांनी चालत जाणे अशक्य झाले, तेव्हा संतांच्या पादुका मोजक्या माणसांबरोबर एसटीने पंढरपूरला गेल्या. वारीचे रूप बदलले, वारी चुकली नाही.

‘पाच वर्षं जाऊ देत’ हा नवसाचा हिशेब आहे. खरे तर पहिल्या वर्षीच साजरे करा म्हणणेही नवसाचाच हिशेब आहे. त्यात फेडीची तारीख तेवढी अलीकडे ओढलेली आहे. दोन्हींत आधी चांगला रिपोर्ट हवा, मग तिकीट. एरनराइक यांचा तिसरा आक्षेप लागू पडतो तोही इथेच. गुण आला म्हणून आनंद, असे म्हटले की ज्यांना गुण आला नाही ते बाहेर राहतात. प्रवास वारीसारखा केला तर त्याचे कारणच बदलते. एक वर्ष मिळाले, ते इतक्या माणसांच्या सोबतीने काढले, म्हणून निघायचे. रिपोर्टमध्ये काय आहे यावर ते अवलंबून राहत नाही. छातीतल्या कर्करोगावर उपचार घेऊन युवराज सिंग ११ सप्टेंबर २०१२ला चेन्नईत पुन्हा भारताकडून खेळायला उतरला. तो सामना भारत न्यूझीलंडकडून एका धावेने हरला. स्टेडियममधले लोक ज्यासाठी उभे राहिले, ते फलकावरच्या निकालाने पुसले गेले नाही.

हे मानले तर तारखेचा गुंताही सुटतो. अमेरिकेतले डॉक्टर फिट्झह्यू मलन १९७५ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, स्वतःच कर्करोगाचे रुग्ण झाले. १९८५ साली त्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये मांडले, की बरा झालेला आणि न झालेला अशा दोन खणांत रुग्णांची वाटणी करणे खरे नाही. निदानापासूनच एक सलग जगणे सुरू होते आणि त्याचे ऋतू बदलत जातात. पुढच्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर उभ्या केलेल्या संघटनेनेही हा काळ निदानाच्या क्षणापासून आयुष्याच्या शेवटापर्यंत धरला. मलन स्वतः २०१९ पर्यंत जगले. त्यांचे म्हणणे घेऊन वर्ष निदानापासून मोजावे. शस्त्रक्रियेचा दिवस, शेवटच्या केमोचा दिवस, स्वच्छ स्कॅनचा दिवस यांत निवड करण्याची गरज पडत नाही, आणि रोज गोळी घेणाऱ्यालाही तारीख मिळते.

व्यवहारात याने काही गोष्टी बदलतात. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. पहिली दोन वर्षे बऱ्याच कर्करोगांत साधारण तीन-तीन महिन्यांनी तपासणी असते. म्हणजे तिकीट अनेकदा रिपोर्टच्या आधी काढावे लागेल, आणि ते तसेच काढावे. पहिली वर्षपूर्ती उपचारांच्या मध्येच आली, तर तीन आठवड्यांच्या केमोत पांढऱ्या पेशी बहुधा दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांत कमी असतात. तेव्हा गर्दी टाळून पुढच्या डोसच्या आधीचे दिवस डॉक्टरांना विचारून घ्यावेत. ज्याला मडगावपर्यंत बसवत नाही त्याने लोणावळ्यापर्यंत जावे. आणि खिडकीची जागा दर वर्षी रुग्णालाच द्यायची असेही नाही. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जोर देण्यासाठी जादा इंजिने लावतात. ती चढ संपला की सुटतात, आणि पुढच्या डब्यातल्या माणसाला दिसतही नाहीत. घरातही तसे कुणीतरी असते, ज्याने रात्री जागून काढल्या, रजा संपवल्या, फॉर्मवर सह्या मिळवल्या आणि रिपोर्ट चांगला आला तसा जो निमूट कामाला लागला. एखाद्या वर्षीचा घाट त्याच्या वाट्याला यावा.

आणि ज्याच्यासाठी डॉक्टरांनी ‘आता बरे होणे नाही’ असे सांगितले आहे, त्याचे काय? नवसाच्या हिशेबात त्याला तारीखच नाही. वारीच्या हिशेबात त्याचा हक्क सगळ्यांच्या आधी येतो. पुण्यात वारज्याला सिप्लाचे उपशामक उपचारांचे केंद्र १९९७ पासून अशा माणसांच्या वेदना आटोक्यात ठेवण्याचे काम मोफत करते आहे. दुखणे आटोक्यात असले की चार तासांचा प्रवास अनेकांना झेपतो. वेदनेच्या औषधांच्या वेळा, पाठीला उशी, डॉक्टरांचा नंबर, स्थानकावर व्हीलचेअर एवढी तयारी लागते. अशा घराने वर्ष पुरे होण्याची वाट बघू नये आणि साठ दिवसांच्या आरक्षणाचीही नाही. तत्काळचे तिकीट आदल्या दिवशी सकाळी मिळते, वातानुकूलित वर्गाचे दहापासून, बाकीचे अकरापासून. आणि नाहीच मिळाले, तर कर्जत ते लोणावळा हा टप्पा दिवसाच्या कुठल्याही साध्या गाडीच्या खिडकीतूनही तितकाच दिसतो.